त्यानं चूल नाही घेतली? : घर बदलताना वाचायची चित्रपुस्तकं आणि ‘मदत’ नावाचा दावा

गेल्या काही लेखांत आपण सिनॉप्सिस कसा लिहायचा, गृहीतक आणि उद्दिष्ट यांत फरक काय, मार्गदर्शकांना पहिल्या भेटीत काय विचारायचं, असलं बोलत होतो. आज जरा वेगळं. आज चित्रपुस्तकं वाचू. घाबरू नका, पेटच्या तयारीला याचाही उपयोग होईल.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे माझं कितपत ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. माझी एम.एस्सी. प्राणिशास्त्रात आहे आणि पीएच.डी. पक्ष्यांच्या वर्तनावर चालू आहे. बालसाहित्य किंवा मानसशास्त्र हा माझा विषय नाही. पण वर्तनाच्या अभ्यासात पहिल्या दिवशी एक सवय लावतात : प्राणी काय करतो ते आधी लिहा, त्याला काय वाटतं ते नंतर. ‘चिमणी घाबरली’ असं वहीत लिहायचं नाही. ‘चिमणी तीन वेळा उडाली आणि घरट्यात गेली नाही’ असं लिहायचं. ही सवय पुस्तकांच्या बाबतीत वापरली तर काय होतं, ते मला या हिवाळ्यात नेवाशाला घरी असताना कळलं.

एक वाक्य आणि त्यातले तीन प्रश्न

लहान मुलांच्या बऱ्याच चित्रपुस्तकांच्या मागच्या पानावर एक वाक्य असतं. हे पुस्तक मुलांना कुटुंबातल्या बदलाला सामोरं जायला मदत करतं. बदल म्हणजे नवं भावंड, आईबाबांचं वेगळं होणं, आजीचा मृत्यू, घर सोडून जाणं. वाक्य वाचायला गोड आहे, पण तुम्ही संशोधनाच्या वाटेवर आहात, तेव्हा त्याच्यापाशी जरा थांबा. मुलं म्हणजे कोणती मुलं? मदत म्हणजे नेमकं काय झालं की आपण मदत झाली म्हणणार? आणि मदत केली कुणी, पुस्तकानं की ते मांडीवर घेऊन वाचणाऱ्या माणसानं?

या विचाराला मोठा इतिहास आहे. पुस्तकानं उपचार, म्हणजे ‘बिब्लिओथेरपी’, हा शब्द सॅम्युअल क्रोदर्स यांनी १९१६ साली अमेरिकेतल्या ‘अटलांटिक मंथली’त वापरला, तोही एका गमतीदार लेखात. पुढे १९४९ मध्ये कॅरोलाइन श्रोड्स यांनी त्यावर प्रबंध लिहिला. वाचक आधी पात्राशी स्वतःला जोडतो, मग त्याच्या भावनांना वाट मिळते आणि शेवटी त्याला स्वतःबद्दल काही उमगतं, अशा त्यांच्या तीन पायऱ्या. आजही या विषयावरच्या लेखांत त्या सतत भेटतात.

पहिली पायरी नीट बघा. मूल पात्राशी स्वतःला जोडतं, हे तिथं गृहीत धरलंय. जोडलंच नाही तर पुढचा जिना कुठून चढायचा?

स्टिकरचा प्रयोग

हे गृहीतक तपासणारा एक छान प्रयोग कॅनडात टोरांटोला झाला. निकोल लार्सन, कांग ली आणि पॅट्रिशिया गनेआ यांचा हा अभ्यास २०१७ साली ‘डेव्हलपमेंटल सायन्स’मध्ये आला. चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याबद्दलची एक गोष्ट वाचून दाखवली. काही मुलांच्या पुस्तकात पात्रं कपडे घातलेली जनावरं होती. काहींच्या पुस्तकात तीच गोष्ट होती, पण चित्रांत माणसं होती. तिसऱ्या गटाला बियांबद्दलचं पुस्तक दिलं, ज्यात वाटून घेण्याचा संबंधच नव्हता. वाचनाआधी आणि नंतर, मुलं आपले स्टिकर दुसऱ्या मुलासाठी किती ठेवतात ते मोजलं. माणसांचं पुस्तक ऐकलेल्या मुलांनी नंतर जास्त स्टिकर दिले. जनावरांच्या पुस्तकानंतर अशी वाढ दिसली नाही.

याची रचना वहीत उतरवून ठेवा. गोष्ट तीच ठेवून फक्त चित्रं बदलली, म्हणजे बदललेली गोष्ट एकच. तुलनेसाठी असंबंधित पुस्तक ठेवलं. आणि ‘मुलं उदार झाली’ असं न म्हणता स्टिकर मोजले.

आता मर्यादाही उतरवा. स्टिकर देणं आणि आई दूर गेल्याचं दुःख पेलणं या एक गोष्टी नव्हेत. एका वाचनानंतर लगेच दिसलेलं महिन्याभरानं दिसेलच असं नाही. आणि टोरांटो म्हणजे नेवासा नव्हे. तरीही माझ्या पुढच्या वाचनात हा प्रयोग सारखा आठवत राहिला.

तीन पुस्तकं

‘डायनोसॉर्स डिव्होर्स’ हे लॉरीन क्रास्नी ब्राउन आणि मार्क ब्राउन यांचं १९८६ सालचं पुस्तक. आईबाबा वेगळे झाल्यावर काय काय होतं, ते यात हिरव्या डायनोसॉरच्या कुटुंबांमधून सांगितलंय. दोन घरं, सणवार, सावत्र आईबाप, मित्रांना सांगायचं कसं, असे एकेक विषय. सुरुवातीलाच कठीण शब्दांचे अर्थ दिलेत. पुस्तक प्रामाणिक आहे आणि मुलाला ‘तुझ्यामुळे झालं नाही’ हे स्पष्ट सांगतं. पण मला ते माहितीपत्रकासारखं वाटतं. प्रश्न मोठ्यांनी ठरवले, उत्तरंही मोठ्यांनी दिली. त्यातल्या डायनोसॉरला रागावायला परवानगी आहे, पण त्या रागातून तो असं काही करत नाही की ज्यामुळे गोष्ट वळेल. परवानगी मिळालेला राग आणि कृती केलेला राग यांत फरक आहे.

‘अ चेअर फॉर माय मदर’ हे व्हेरा विल्यम्स यांचं १९८२ सालचं. घर आगीत जळालेलं असतं. एक मुलगी, हॉटेलात वाढपाचं काम करणारी तिची आई आणि आजी मिळून मोठ्या बरणीत चिल्लर साठवतात आणि आईला टेकायला एक मऊ खुर्ची आणतात. या घरात वडील नाहीत. ते कुठं गेले, का गेले, याबद्दल पुस्तक एक शब्द बोलत नाही. ज्या मुलाच्या घरात वडील नाहीत, त्याला या पुस्तकात कुणी ‘बिचारं’ म्हणत नाही. बरणी भरत जाते, एवढंच. समुपदेशनाच्या यादीत हे पुस्तक ‘वडील नसणं’ या खणात बसणार नाही, कारण त्याचा तो विषयच नाही. मला वाटतं, म्हणूनच ते त्या मुलाला जास्त काही देतं.

तिसरं एझ्रा जॅक कीट्स यांचं ‘पीटर्स चेअर’, १९६७ सालचं, चिकटचित्रांचं. पीटरला बहीण झालीय. त्याचा पाळणा गुलाबी रंगवलाय. त्याची जेवायची उंच खुर्चीही बाबा गुलाबी करतायत. एक छोटी निळी खुर्ची तेवढी अजून रंगायची राहिलीय. पीटर ती उचलतो, पिशवीत बिस्किटं भरतो, खेळण्यातली मगर आणि आपला लहानपणीचा फोटो घेतो आणि कुत्र्यासोबत घर सोडून निघतो. जातो कुठं, तर घरासमोरच. तिथं सामान नीट मांडून खुर्चीत बसायला जातो, तर मावत नाही. तो मोठा झालाय. मग तो गुपचूप घरात येतो. पडद्याखाली त्याचे बूट दिसतात, आईला वाटतं तो मागं लपलाय. पडदा सारला तर तिथं नुसतेच बूट. शेवटी तो बाबांना म्हणतो, ही खुर्ची बाळासाठी रंगवू या.

इथं पीटरला कुणी समजावत नाही. खुर्चीच त्याला सांगते. आणि परत येताना त्याला हरल्यासारखं वाटू नये म्हणून कीट्स त्याला बुटांची खोडी देतात. रागावून गेलेल्या मुलाला परत यायला वाट लागते, हे ज्याला कळतं त्याला मुलं कळतात.

माझी चूक

आता नेवाशाची गोष्ट. आमच्या तालुक्यात सोनईला मुळा कारखाना आणि भेंड्याला ज्ञानेश्वर कारखाना. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. पाथर्डी-शेवगावकडून येतात, बीड जिल्ह्यातून येतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत फडात. काही मुलं सोबत येतात, काही गावी आजीआजोबांकडं किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. गुढीपाडव्याच्या आगेमागे कारखान्याचा पट्टा पडला की टोळ्या परततात.

यंदा आमच्या रानाच्या कडेला एका टोळीच्या कोप्या होत्या. त्यातली एक सहा-सात वर्षांची पोर रोज संध्याकाळी पाण्याला यायची, कडेवर लहान भाऊ. आईबाप फडात गेले की त्याला तीच सांभाळायची. थोरले दोघे भाऊ गावाला आजीपाशी. मी तिला पीटरचं पुस्तक दाखवायचं ठरवलं. का? तर नवं भावंड! विषय जुळला. मी वहीत आधीच लिहूनही ठेवलं होतं : ‘मत्सराची भावना ओळखते का ते पाहणे.’

मी चित्रं दाखवत मराठीत गोष्ट सांगत होते. गुलाबी पाळणा आला, ती काही बोलली नाही. गुलाबी खुर्ची आली, काही नाही. पीटर सामान घेऊन दारात उभा राहिला, तशी ती पुढं सरकली. चित्रावर बोट ठेवलं.

“ताई, ह्यानं चूल नाही घेतली?”

मी गप्प. तीच पुढं म्हणाली, “पाणी कशात तापवणार मग? पाल पण नाही.”

शेवटी पीटर घरात परत आला, तेव्हा तिनं विचारलं, “पट्टा पडला का?”

तिच्यासाठी ही भावंडाच्या मत्सराची गोष्ट नव्हतीच. सामान बांधून बिऱ्हाड उचलण्याची होती, आणि त्या दृष्टीनं पीटरची तयारी अगदीच कच्ची होती. पुस्तकाचा ‘विषय’ मी ठरवला होता, माझ्या खणांच्या हिशोबानं. तिनं आपल्याला माहीत असलेल्या बदलापाशी पुस्तक उघडलं.

वहीतलं ते वाक्य मी खोडलं आणि खाली लिहिलं : ‘गुलाबी पाळण्याला प्रतिसाद नाही. सामानाच्या चित्रावर बोट. तीन प्रश्न.’ एवढंच. तिला काय वाटलं, घर आठवलं का, भाऊ आठवले का, मला माहीत नाही आणि ते मी लिहिणार नाही. एक मूल म्हणजे पुरावा नव्हे, हे तुम्हीही मला सांगाल. बरोबर. पण एका मुलानं विचारलेला प्रश्न तुमचं गृहीतक चुकीच्या जागी ठेवलंय हे दाखवू शकतो. तेवढं काम त्या चुलीनं केलं.

सरळ रेष आणि चक्र

त्या दिवसापासून मला या पुस्तकांचा साचा खटकायला लागला. आधी सगळं ठीक, मग बदल, मग त्रास आणि शेवटी स्वीकार. ही सरळ रेष आहे. घटस्फोट किंवा नवं बाळ एकदा घडतं, तिथं ती थोडीफार चालते. पण ज्या मुलाचे आईबाप दरवर्षी पाच-सहा महिने जातात, परत येतात आणि पुन्हा जातात, त्यानं स्वीकार नेमका केव्हा करायचा? पाडव्याला स्वीकारलं तर दसऱ्याला पुन्हा सुरू. त्या मुलाचं आयुष्य वर्तुळात चाललंय, आणि शेवटच्या पानावर सगळे हसतायत हे चित्र त्याला खोटं वाटलं तर नवल नाही.

पॉलीन बॉस या अमेरिकन संशोधिकेनं ‘अँबिग्युअस लॉस’ म्हणजे धूसर हानी ही कल्पना मांडली. १९९९ साली याच नावाचं त्यांचं पुस्तक आलं. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर त्यांनी काम केलं होतं. माणूस शरीरानं समोर नाही, पण मनातून गेलेलाही नाही. अशा वेळी दुःखाला शेवट नसतो, त्याच्यासोबत राहायचं शिकावं लागतं. ऊसतोडीला गेलेले आईबाप बेपत्ता नसतात, मोबाइलवर बोलतात, परतही येतात. म्हणून ही कल्पना इथं जशीच्या तशी चिकटवू नका. पण ‘शेवट नसलेलं दूर असणं’ एवढा भाग नक्की उपयोगी आहे. या मुलांसाठी पुस्तक लिहायचं तर त्याचं शेवटचं पान पुन्हा पहिल्या पानासारखं असायला हवं, फक्त मूल थोडं उंच झालेलं.

आपल्याकडं काय आहे

मराठीत चित्रपुस्तकाचा विषय निघाला की माधुरी पुरंदरे यांचं नाव पहिलं येतं, आणि ते योग्यच आहे. ज्योत्स्ना प्रकाशनाच्या ‘यश’ आणि ‘राधाचं घर’ या मालिकांत शब्दही त्यांचे, चित्रंही त्यांचीच. २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला. राधा आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते, आणि मोठ्यांच्या उणिवा-सवयी मुलाच्या उंचीवरून दिसतात. उपदेश नाही. ही फार मोठी गोष्ट आहे. पण राधाचं घर भरलेलं आहे आणि जागेवर आहे. घरातलं माणूस घरात नसतं, तेव्हा मूल त्याची ओळख कशी करून देईल, हा पुढचा प्रश्न. तो पुरंदरे यांचा दोष म्हणून मी मांडत नाही. त्यांनी जी नजर तयार केली ती कोपीपर्यंत न्यायचं काम पुढच्यांचं आहे.

मराठी मुलांना दुःख नवं नाही. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ सालची, त्यात आई जाते. पण तिथं सांगणारा श्याम मोठा झालेला आहे. दुःखाचे संस्कारात रूपांतर झाल्यावर तो बोलतोय. चित्रपुस्तकाला ही सवलत नसते. त्यातलं मूल आत्ता, या पानावर, त्या प्रसंगात उभं असतं.

आणि आमच्या नेवाशात तर एक गोष्ट प्रत्येक पोराला कळत्या वयाआधी ठाऊक होते. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली तो पैस खांब इथं आहे, शके १२१२ ची ती गोष्ट. शाळेची सहल तिथंच. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता : परंपरा सांगते की वडिलांनी संन्यास घेतला, मग गुरूंच्या आज्ञेनं ते घरी परतले, गावानं वाळीत टाकलं आणि शेवटी आईवडिलांनी देहत्याग केला. म्हणजे चार लहान भावंडं उरली. कुटुंबातला यापेक्षा मोठा बदल तो कोणता? लहानपणी माझ्याकडं असलेल्या एका सचित्र पुस्तकात भिंत चालवली त्याला दोन पानी रंगीत चित्र होतं. आईवडील गेले त्याला एक ओळ. चित्र नाही. रेड्याला जागा मिळाली, त्या चौघांच्या पहिल्या रात्रीला मिळाली नाही.

याच कथेत एक प्रसंग मात्र चित्रपुस्तकासाठीच घडल्यासारखा आहे. दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसतात आणि धाकटी मुक्ता बाहेरून त्यांना साद घालते. बंद दार, आत रुसलेला मोठा भाऊ, बाहेर छोटी बहीण. पीटर घराबाहेर जाऊन रागावला, ज्ञानदेव आत राहून. दोघांनाही परत यायला वाट हवी होती. मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांवर मोठमोठी प्रवचनं होतात. पण ते आईबाप नसलेल्या भावंडांमधलं बोलणं आहे, या बाजूनं ते मुलांसमोर ठेवायला हवेत.

मग तुम्ही काय करायचं

तुमच्यापैकी कुणी शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र किंवा मराठीत पीएच.डी.चा विचार करत असाल, तर ‘चित्रपुस्तकांचा मुलांच्या भावनिक विकासावर होणारा परिणाम : एक अभ्यास’ असं शीर्षक कृपा करून घेऊ नका. त्यातल्या प्रत्येक शब्दात दहा प्रबंध बुडतील. लहान प्रश्न घ्या. आईबाप ऊसतोडीला गेलेली मुलं पुस्तकातल्या कोणत्या चित्रावर थांबतात? तेच पुस्तक आजीनं सांगितलं आणि बाईंनी वाचलं तर मुलांचे प्रश्न बदलतात का? आणि घरच्यांची संमती, मुलाला नको असेल तर थांबणं, हे आधी लिहून काढा. मुलाला रडवून मिळालेली माहिती घेऊन आपण काय करणार?

साहित्यासाठी प्रथम बुक्सचं ‘स्टोरीविव्हर’ बघा. २०१५ पासून तिथं मुक्त परवान्याची चित्रपुस्तकं आहेत. भाषांतर करता येतं, तिथली चित्रं वापरून नवी गोष्टही लिहिता येते. म्हणजे टोरांटोसारखी एकच गोष्ट बदलून दोन आवृत्त्या करणं तुमच्या आवाक्यातलं आहे.

राहता राहिली पीटरची चूल. दोन दिवसांनी ती पोर पुन्हा म्हणाली, खुर्चीवाल्याची गोष्ट सांग. या वेळी मी सांगताना पीटरच्या सामानात एक चूल आणि पाण्याची कळशी घातली. चित्रात ती नव्हती, तिनं बोटानं जागा दाखवली, मगरीच्या शेजारी. “आता बरोबर,” म्हणाली, आणि बुटांच्या पानावर पहिल्यांदा हसली.

संशोधक म्हणून मी तिथं घोळ घातला. दोन वाचनांमध्ये साहित्यच बदललं, आता तुलना करता येणार नाही. वहीत तसं लिहून ठेवलंय. त्या संध्याकाळी मी संशोधक नव्हते, असंही समासात लिहिलंय. तुमच्याही वहीला समास ठेवा. पुढच्या आठवड्यात ती टोळी दुसऱ्या फडावर गेली.